लंडनची एजन्सी, मुंबईचा स्टुडिओ आणि स्वतंत्र चित्रकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकमध्ये राहून गेली काही वर्षे मुलांची पुस्तके, दिवाळी अंक आणि अधूनमधून जाहिरातींसाठी चित्रे काढता. लंडनच्या एका इलस्ट्रेशन एजन्सीने तुमचे काम पाहून कराराचा मसुदा पाठवला आहे. त्यात ३० टक्के कमिशन, जगभरासाठी एक्स्क्लुझिव्ह प्रतिनिधित्व (म्हणजे सगळी कामे त्यांच्याचमार्फत) आणि दोन वर्षांची मुदत अशा अटी आहेत. त्याच सुमारास मुंबईच्या एका स्टुडिओने ‘यापुढे फक्त आमच्यामार्फत काम करा, कामाची कमतरता पडणार नाही’ असा प्रस्ताव ठेवला आहे. यांपैकी कोणाला होकार द्यावा, की आजवर करत आलात तशीच स्वतःची कामे स्वतः मिळवत राहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे सगळी कामे थेट केली, नंतर परदेशातील कामांसाठी एजंट घेतला आणि इथली कामे आजही स्वतःच पाहतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे गणित मला माहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: लंडनच्या एजन्सीला होकार द्या, पण मसुदा आहे तसा स्वीकारू नका, मुंबईच्या स्टुडिओला मात्र आज ज्या स्वरूपात प्रस्ताव आला आहे त्या स्वरूपात नकार द्या.

कारणांकडे जाण्यापूर्वी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण आपल्याकडे ‘एजन्सी’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे व्यवहार चालतात. पहिला व्यवहार खऱ्या प्रतिनिधीचा. तो तुमच्या वतीने क्लायंटशी बोलतो, दर आणि हक्क ठरवतो, बिल लावतो आणि मिळालेल्या रकमेतून ठरलेली टक्केवारी घेतो. क्लायंटने किती दिले हे तुम्हाला कळते, कळलेच पाहिजे. दुसरा व्यवहार स्टुडिओचा किंवा जाहिरात एजन्सीचा. ते तुमच्याकडून काम एका दराने घेतात आणि पुढे दुसऱ्या दराने विकतात. मधला फरक हा त्यांचा नफा असतो आणि तो किती हे तुम्हाला सांगण्याचे त्यांच्यावर बंधन नसते. तिसरा व्यवहार फायव्हरसारख्या ऑनलाइन बाजारांचा, जिथे व्यवहाराची जागा पुरवल्याबद्दल तुमच्या कमाईतून २० टक्के कापले जातात, पण तुमची बाजू मांडायला तिथे कोणी बसलेले नसते. तुम्हाला आलेला लंडनचा प्रस्ताव पहिल्या प्रकारचा आहे आणि मुंबईचा दुसऱ्या प्रकारचा. दोन्हीकडे ‘आम्ही तुम्हाला काम देऊ’ असेच म्हटले जाते, म्हणून माणूस त्यांची एकाच तराजूत तुलना करू लागतो आणि घोडे तिथेच पेंड खाते.

प्रतिनिधीबद्दल नवोदितांची सर्वसाधारण समजूत अशी असते की एजन्सीच्या यादीत नाव लागले की कामांचा ओघ सुरू होतो. प्रत्यक्षात चांगली एजन्सी ज्याच्याकडे आधीच मागणी आहे अशाच चित्रकाराला घेते, कारण तिची कमाई तुमच्या कमाईवर अवलंबून असते. ज्याचे काम विकले जात नाही त्याची वकिली करण्यात तिचा वेळच वाया जातो. एजन्सी काही नव्या दारांपर्यंत पोहोचवते हे खरे आहे, विशेषतः ज्या परदेशी प्रकाशनसंस्था किंवा जाहिरात विभाग अनोळखी चित्रकाराचा ईमेल उघडतही नाहीत त्यांच्यापर्यंत. परंतु तिचे मुख्य काम तुमच्या चित्राची किंमत आणि त्यावरचे हक्क यांविषयी घासाघीस करणे हे आहे. त्यामुळे ज्या बाजारात घासाघिशीला वाव आहे तिथे एजन्सीचा उपयोग होतो आणि जिथे दर आधीच ठरलेला असतो किंवा मुळातच तुटपुंजा असतो तिथे तिचा काहीही उपयोग होत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

आकड्यांत पाहू. समजा, एका कामाचे क्लायंटने २,००० पौंड दिले. ३० टक्क्यांप्रमाणे ६०० पौंड एजन्सीकडे जातील आणि तुमच्या हाती १,४०० पौंड येतील. म्हणजे तुम्ही स्वतः बोलून त्याच कामाचे १,४०० मिळवू शकत असाल, तर दर सुमारे ४३ टक्क्यांनी वाढवून मिळाल्यावर कुठे तुम्ही होता तिथेच राहता. कमिशन २५ टक्के असेल तर ही वाढ एकतृतीयांश लागते. ऐकायला ही मोठी उडी वाटते. पण पुस्तके, पॅकेजिंग आणि जाहिराती यांच्या ब्रिटिश किंवा अमेरिकी बाजारात ती सहज शक्य असते, कारण तिथे एकाच चित्राचा दर ते कुठे, किती काळ आणि कोणत्या माध्यमात वापरले जाणार यावर कित्येक पटींनी बदलतो. आपण इथे बसून जो आकडा सांगतो तो बहुधा ‘हे चित्र काढायला मला किती दिवस लागतील’ या हिशेबाने सांगतो. क्लायंटचे बजेट मात्र चित्राच्या वापरावर ठरलेले असते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणाने दाखवतो. माझ्या एका कामात खाद्यपदार्थांच्या परदेशी कंपनीने पाठवलेल्या पहिल्या कागदात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, सर्व जगभर, कायमस्वरूपी’ अशी एकच ओळ होती आणि तिच्यासमोर एक रक्कम होती. रक्कम मला पुरेशी वाटली होती; मी एकटा असतो तर सही करून मोकळा झालो असतो. माझ्या एजंटने त्या रकमेवर चकार शब्द काढला नाही. तिने फक्त तीन प्रश्न पाठवले: चित्रे डब्यावर येणार आहेत की फक्त वेबसाइटवर, कोणत्या देशांत हा माल विकला जाणार आहे आणि हे पॅकिंग किती वर्षे ठेवायचा विचार आहे. उत्तरे आली तेव्हा कळले की माल दोनच देशांत जाणार होता आणि पॅकिंग तीन वर्षांनी बदलायचे असे त्यांचे आधीच ठरले होते. म्हणजे ज्या हक्कांची त्यांना गरजच नव्हती तेही त्यांच्या छापील फॉर्ममुळे मागितले गेले होते. शेवटी रक्कम तीच राहिली, पण तिच्या बदल्यात दोन देश, तीन वर्षे आणि डबा अधिक वेबसाइट एवढाच परवाना गेला. मूळ हक्क माझ्याकडे राहिले. पुढे त्यांना तिसऱ्या देशात जायचे झाले तेव्हा त्याचे वेगळे पैसे आले, तेही एकही नवे चित्र न काढता. मला स्वतःला हे प्रश्न सुचले नसते असे नाही. पण क्लायंटला राग येईल, काम हातचे जाईल या भीतीने मी ते विचारले नसते, आणि एजंटला ती भीती नसते.

आता हाच न्याय आपल्या बाजाराला लावून पाहा. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे किंवा कथाचित्रांचे मानधन संपादक ज्या हिशेबाने देतात त्यात ३० टक्के काढून देण्याइतकी जागाच नसते, आणि ते मानधन दिवाळीनंतर केव्हा हाती पडेल याची चर्चा आपण सगळेच दर वर्षी करतो. सरकारी आणि निमसरकारी प्रकाशनांत दर संस्थेने ठरवलेला असतो. एजंट काय किंवा खुद्द तुम्ही काय, तिथे बोलण्याने फरक पडत नाही. मराठी प्रकाशकांचे आणि चित्रकारांचे संबंध बहुधा वैयक्तिक असतात. फोन उचलून ‘अहो, जरा लवकर हवंय’ म्हणणारा प्रकाशक मध्ये तिसरा माणूस आला की बिचकतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या चित्रकाराला फोन करतो. ज्यांना आपण व्यावसायिक चित्रकलेतील दिग्गज मानतो त्यांनीही मध्यस्थ शोधण्यापेक्षा स्वतःचे घर उभे केले. दीनानाथ दलालांनी तर ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक काढला. इंग्रजीत आणि अनेक भारतीय भाषांत मुलांची पुस्तके काढणाऱ्या चेन्नई, बेंगळुरू, भोपाळ येथील प्रकाशनसंस्थाही चित्रकारांशी थेटच बोलतात आणि त्यांचे संपादक पोर्टफोलिओ पाहतात. म्हणून भारतातील पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे काम एजन्सीच्या हाती देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. इथल्या मोठ्या जाहिरातींच्या कामात चित्र वेगळे आहे, पण त्यासाठीही जगभराचा करार करण्याची गरज नाही.

यावरून लंडनच्या मसुद्यातील ‘जगभरासाठी एक्स्क्लुझिव्ह’ हे शब्द तुमच्यासाठी सगळ्यात महागडे ठरतात, ३० टक्के नव्हेत. कमिशनचा आकडा बाजारात रूढ आहे त्याच पट्ट्यातला आहे. इलस्ट्रेशन एजन्सी साधारण २५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान घेतात. त्यावर हुज्जत घालून दोन-तीन टक्के कमी करून घेण्यात शक्ती खर्च करू नका. त्याऐवजी भौगोलिक कक्षा आणि कामाची कक्षा आखून मागा: ब्रिटन, युरोप आणि उत्तर अमेरिका एवढ्यापुरते एक्स्क्लुझिव्ह, भारत पूर्ण वगळून. शिवाय चित्रप्रदर्शने, मूळ चित्रांची विक्री, कार्यशाळा आणि तुम्ही स्वतः छापून विकत असाल ती प्रिंट्स किंवा कॅलेंडरे यांवर एजन्सीचा काहीही हक्क नाही हे स्पष्ट लिहून घ्या. बहुतेक एजन्सींना हे मान्य होते, कारण नाशिकच्या दिवाळी अंकाच्या कमिशनमध्ये त्यांना रस नसतोच. ‘जगभर’ हा शब्द त्यांच्या छापील नमुन्यात असतो म्हणून तो तुमच्यापर्यंत आलेला असतो.

त्याखालोखाल महत्त्वाचे तुमचे जुने क्लायंट. करारावर सही करण्याआधी ज्यांच्यासाठी तुम्ही काम केले आहे किंवा ज्यांच्याशी बोलणी चालू आहेत त्यांची नावांसह यादी करून ती कराराला परिशिष्ट म्हणून जोडा आणि या यादीतील कामांवर कमिशन लागणार नाही असे वाक्य घाला. काही एजन्सी जुन्या क्लायंटची कामेही आपल्यामार्फत यावीत असा आग्रह धरतात आणि त्यासाठी कमी टक्केवारी सुचवतात. एखादा परदेशी जुना क्लायंट पैसे द्यायला त्रास देत असेल तर तेवढ्यापुरते ते मान्य करायला हरकत नाही. पण ती तुमची निवड असली पाहिजे.

पैसे कोणाच्या खात्यात आधी येतात, ही मसुद्यातील सर्वांत नीट वाचण्याची जागा. परदेशी कामात क्लायंट बहुधा एजन्सीला पैसे देतो आणि एजन्सी कमिशन कापून तुम्हाला पाठवते. क्लायंटकडून रक्कम मिळाल्यापासून किती दिवसांत तुमचा हिस्सा निघेल याचा आकडा करारात असला पाहिजे. ‘वाजवी कालावधीत’ असे शब्द असतील तर ते बदलून घ्या. क्लायंटांचे पैसे एजन्सीच्या चालू खर्चाच्या खात्यात मिसळले जातात की वेगळ्या खात्यात राहतात, हेही विचारा. एजन्सी बुडाली तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमचे पैसे परत मिळणे अवलंबून असते. क्लायंटला लावलेल्या मूळ बिलाची प्रत प्रत्येक कामाला मागा. नामांकित एजन्सी ती न मागता पाठवतात. जी एजन्सी ‘ते गोपनीय आहे’ म्हणते ती प्रतिनिधी नाही, व्यापारी आहे, आणि तिला प्रतिनिधीचे कमिशन तर नकोच, पण एक्स्क्लुझिव्ह करारही देऊ नये.

पुस्तकांच्या कामात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. परदेशी प्रकाशक चित्रपुस्तकासाठी रॉयल्टीवरची, म्हणजे पुढे विक्रीतून मिळणाऱ्या हिश्श्यावरची, आगाऊ रक्कम देतो आणि ती बहुधा टप्प्याटप्प्याने येते: काही सहीच्या वेळी, काही रफ चित्रे मंजूर झाल्यावर, काही अंतिम चित्रे दिल्यावर. या प्रत्येक हप्त्यावर आणि आगाऊ रक्कम वसूल झाल्यानंतर येणाऱ्या रॉयल्टीवर एजन्सी कमिशन घेते, आणि ते तुमचा तिच्याशी असलेला करार संपल्यानंतरही त्या पुस्तकापुरते चालू राहते. हे अन्यायाचे नाही. ते काम तिने मिळवून दिलेले असते. अन्यायाचे असते ते करार संपल्यानंतर सुरू होणाऱ्या नव्या कामांवर वर्षभर कमिशन मागणारे कलम. करार संपताना चालू असलेल्या आणि कोटेशन दिलेल्या कामांवर कमिशन द्यायला हरकत नाही. तिने ओळख करून दिलेल्या क्लायंटची नवी कामे असतील तर फार तर सहा महिने, त्यापुढे नाही. मुदतीबाबतही हाच विचार करा. दोन वर्षे हे स्वतःमध्ये वाईट नाही, पण मध्येच दोन्ही बाजूंना लेखी सूचना देऊन बाहेर पडता येईल अशी ६० किंवा ९० दिवसांची तरतूद नसेल तर पहिल्या वर्षी एकही काम न आणणाऱ्या एजन्सीशी तुम्ही दुसरे वर्षही बांधलेले राहाल.

कायद्याचे थोडेसे, कारण आपल्या क्षेत्रात त्याकडे काणाडोळा करण्याची जुनी सवय आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एजंट आणि त्याचा मालक यांच्यावर संपूर्ण प्रकरणच आहे, आणि त्या भाषेत मालक तुम्ही आहात, एजन्सी नव्हे. मागणी केल्यावर नीट हिशेब देणे हे कलम २१३ नुसार एजंटचे कर्तव्य आहे, आणि मालकाच्या वतीने घेतलेले पैसे, आपले देणे वजा करून, मालकाला चुकते करणे हे कलम २१८ नुसार. तुमच्या नकळत एजंटने त्याच व्यवहारात स्वतःच्या खात्यावर फायदा मिळवला असेल तर तो मागण्याचा अधिकार कलम २१६ देते. करार संपल्यावर ‘अमुक काळ या क्षेत्रात काम करायचे नाही’ असे बंधन कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. अर्थात हे सगळे करार भारतीय कायद्याखाली असेल तर. लंडनच्या मसुद्यात इंग्लंडचा कायदा आणि तिथली न्यायालये लिहिलेली असणारच. ते बदलून मिळणार नाही, म्हणून तिथे कायद्याच्या भरवशावर न राहता प्रत्येक गोष्ट करारातच लिहून घ्यायची.

कॉपीराइटबद्दल तर अधिकच सावध राहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो. पुस्तकांतील किंवा डिजिटल इलस्ट्रेशनला हे कसे लागू होते यावर वाद घालत बसण्यापेक्षा ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, क्लायंटला पुढीलप्रमाणे परवाना दिला जात आहे’ हे एक वाक्य प्रत्येक कोटेशनमध्ये घालणे शहाणपणाचे. हक्क हस्तांतरित करायचेच झाले तर त्याच कायद्याचे कलम १९ काही आधार देते: मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच क्लायंटचे वकील ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द विसरत नाहीत. कलम ५७ मुळे चित्राखालचे तुमचे नाव आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार हे हक्क विकल्यानंतरही राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प काढून टाकल्याच्या प्रकरणात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे निकाल दिला होता आणि ५ लाख रुपयांची भरपाईही. एजन्सीच्या करारात हे नैतिक हक्क सोडून देण्याचे कलम आहे का ते पाहा. ब्रिटिश करारांत ते सर्रास असते, कारण तिथल्या कायद्यानुसार ते हक्क लेखी सोडून देता येतात. त्याचबरोबर तुमची चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी देण्याचा अधिकार एजन्सीला किंवा क्लायंटला नाही, असे स्वतंत्र वाक्य आज प्रत्येक करारात असले पाहिजे. हे वाक्य घालायला जी एजन्सी टाळाटाळ करते तिच्या हेतूंबद्दल मला शंका येते.

एजन्सी घेतली की हिशेबाची कटकट गेली, असे समजू नका. उलट हिशेब थोडा वाढतो. खात्यात १,४०० पौंड आले तरी तुमचे उत्पन्न २,००० आणि कमिशनचा खर्च ६०० असे दाखवायचे की नाही, हे करार कोणाच्या नावे आहे यावर ठरते, आणि हा प्रश्न पहिल्या बिलाआधीच सीएला विचारावा. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा मोजताना परदेशातून आलेले उत्पन्नही धरले जाते हे अनेकांना ठाऊक नसते. देशातील थेट कामांसाठी मात्र एक हत्यार तुमच्या हाती आहे आणि ते एजंटपेक्षा स्वस्त आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते, आणि ती असेल तर याच उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायदा, २००६ प्रमाणे कंपनीला तुमचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. त्यातच २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत करासाठी वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून कंपन्यांच्या लेखा विभागाचा माझ्याशी बोलण्याचा सूर बदलला, हे मी स्वतः पाहिले आहे. दिवाळी अंकाच्या संपादकावर हे हत्यार कोणी उगारत नाही, आणि उगारूही नये. तिथे नाते टिकवण्याचा हिशेब वेगळा असतो.

लंडनची एजन्सी खरी आहे का, हे तपासणेही तुमच्याच हाती आहे. तिच्या संकेतस्थळावरील चार-पाच चित्रकारांना, शक्यतो तुमच्यासारख्याच शैलीच्या आणि युरोपबाहेर राहणाऱ्यांना, थेट लिहा. वर्षाकाठी साधारण किती कामे येतात, पैसे वेळेवर येतात का, आणि एजन्सी सोडणाऱ्यांना सोडताना त्रास झाला का, एवढेच विचारा. चित्रकार एकमेकांना याची उत्तरे मोकळेपणाने देतात, हा माझा अनुभव आहे. सोडून गेलेला एखादा चित्रकार सापडला तर त्याचे उत्तर सगळ्यांत मोलाचे. ब्रिटनमध्ये १९७३ पासून काम करणारी असोसिएशन ऑफ इलस्ट्रेटर्स ही चित्रकारांची संघटना आहे. तिचे सदस्यत्व परदेशातूनही घेता येते आणि करारांबद्दल सल्ला मिळतो. एका कराराच्या धोक्याच्या मानाने ती वर्गणी फार नाही. एजन्सीने नोंदणी शुल्क किंवा पोर्टफोलिओ बनवण्याचे पैसे आधी मागितले तर तिथेच विषय संपवा. प्रदर्शने किंवा निर्देशिकांतील जाहिरातींचा खर्च वाटून घेण्याची पद्धत काही चांगल्या एजन्सींतही आहे, पण तो तुमच्या संमतीनंतर आणि मिळालेल्या कामातून वळता होतो. तुमच्याच शैलीचे अजून किती जण त्यांच्या यादीत आहेत हेही मोजा. एकाच धाटणीचे सहा चित्रकार असतील तर क्लायंटच्या ईमेलमध्ये तुमचे नाव सहावे जाईल.

मुंबईच्या स्टुडिओबद्दल मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. ‘फक्त आमच्यामार्फत’ ही मागणी करणारा माणूस तुमच्या बाकीच्या कमाईची दारे बंद करायला सांगत असतो, आणि त्या बदल्यात तो दरमहा ठराविक रकमेची लेखी हमी देत नसेल तर तो काहीच देत नाही. कामाची कमतरता पडणार नाही हे तोंडी आश्वासन त्या स्टुडिओच्याच हातातील कामांवर अवलंबून असते. त्यांचा मोठा क्लायंट गेला की सगळ्यात आधी बाहेरच्या चित्रकाराचे काम थांबते, आणि तेव्हा तुमचे जुने प्रकाशक दुसरीकडे वळलेले असतात. शिवाय अशा स्टुडिओंच्या खरेदी आदेशात लेयर फाइलसह (चित्राचा प्रत्येक भाग वेगळा बदलता येईल अशी मूळ फाइल) सर्व हक्क देण्याची अट हटकून असते, कारण त्यांनीही पुढे क्लायंटला तेच कबूल केलेले असते. त्यांच्यासोबत काम करूच नका असे मी म्हणत नाही. कामागणिक, अर्धी रक्कम आगाऊ, दुरुस्त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या आणि चौथ्या फेरीपासून वेगळे पैसे, अशा अटींवर त्यांची कामे घ्या. काम मंजूर होऊन मग रद्द झाले तर रफपर्यंतच्या कामाचे किती पैसे मिळतील तेही आधी लिहून घ्या. एक्स्क्लुझिव्ह हवे असेल तर महिन्याची बांधील रक्कम सांगा म्हणावे. तुमच्या आजच्या सरासरी मासिक कमाईपेक्षा ती चांगली असेल तर पुढे बोलता येईल. बहुतेक स्टुडिओ इथे गप्प होतात.

काहींनी मात्र लंडनच्या वाटेलाही जाऊ नये. ज्यांची शैली अजून दर सहा महिन्यांनी बदलते आहे त्यांना एजन्सी एका साच्यात पक्के करते, कारण ती पोर्टफोलिओत जे विकले जाते तेच मागते. ज्यांना रात्री उशिरा आलेल्या दुरुस्त्या सकाळपर्यंत पाठवणे जमत नाही त्यांचीही ओढाताण होते. आपली दुपार लंडनची सकाळ असते आणि न्यूयॉर्कचा आर्ट डायरेक्टर आपण जेवायला बसतो तेव्हा कामाला लागतो. तुम्ही पाठवलेल्या कामावरून पाहता या दोन्ही अडचणी तुम्हाला नसाव्यात. तुमच्या मुलांच्या पुस्तकांतील पात्रे ओळखू येण्याइतकी तुमची झाली आहेत, आणि परदेशी एजन्सीला तेच दिसले असणार.

तेव्हा लंडनला उत्तर लिहिताना आभार मानून पाच गोष्टी मागा: प्रदेश ब्रिटन, युरोप आणि उत्तर अमेरिकेपुरता, जुन्या क्लायंटांची यादी परिशिष्टात, रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांत तुमचा हिस्सा आणि सोबत मूळ बिलाची प्रत, ९० दिवसांच्या सूचनेने बाहेर पडण्याची मुभा, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचे कलम. नैतिक हक्क सोडून देण्याचे कलम असेल तर तेही काढायला सांगा, पण त्यावर अडून बसू नका. तो निर्णय कामागणिक घेता येतो. पहिल्या पाचांपैकी चार मान्य झाल्या तर सही करायला हरकत नाही, मात्र त्या चारांत प्रदेश आणि पैशांची मुदत या दोन असल्याच पाहिजेत. उत्तरात त्यांनी ‘आमचा करार सगळ्यांसाठी एकच असतो’ एवढेच लिहिले, तर वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्या यादीतील चित्रकारांना विचारून पाहा. त्यांच्यापैकी कोणाच्या करारात बदल झालेला असेल, तर तेच पत्र पुन्हा एकदा पाठवा.